किल्लेदारांचं राहिलेलं हसू

किल्लेदार हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही. पोट हलायचं, खांदे हलायचे, खालची खुर्ची कुरकुरायची, डोळ्यांतून पाणी यायचं; पण घशातून हूं नाही की चूं नाही. मी पडलो ध्वनिमुद्रण करणारा. माझ्या धंद्याची थट्टाच होती ती!

खरं तर ते अर्धापूरचे, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. आम्ही चार मित्रांनी, वेढा पडलेल्या एका किल्ल्याचा सिनेमा स्वतःच्या हिमतीवर काढायला घेतला आणि किल्लेदार म्हणून त्यांना उभं केलं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणी घेतलंच नाही. किल्ल्यात परवानगी मिळेना, म्हणून बिलोलीकडच्या एका बंद दगडखाणीत आमची लढाई जुंपली. बुरूज प्लायवूडचा, तलवारी भाड्याच्या, दाढ्या गोंदाच्या. अस्सल होतं ते फक्त मे महिन्याचं ऊन.

सिनेमावाल्यांत एक रीत आहे. कॅमेऱ्यासमोर जो मरतो, त्याने उठून त्याच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. मोठ्या सिनेमांत एखाद्या हसऱ्या फोटोवर हे भागवतात. किल्लेदारांनी मात्र ही रीत शाळेच्या प्रार्थनेसारखी लागू केली. शॉट संपला की गळ्यातली शिट्टी वाजायची आणि मेलेली सगळी फौज रांगेत उभी. "मरण उसनं घेतलंय ना? मग हसून वापस करा. अंगाला चिकटलं तर माझ्याकडं येऊ नका." एक मावळा घाईघाईने दात दाखवून जेवणाकडे पळाला, तर त्याला मनगट धरून परत आणलं. "हे हसणं हाय का दात घासणं?" त्यावर फौज खदखदली, तोही हसला, तेव्हा कुठे सुटला.

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, अधूनमधून डबा घेऊन यायच्या. लढाईत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांचा प्रश्न ठरलेला. "आज कोण कोण मेलं? समदे हसले का?"

"हाव, समदे," किल्लेदार भाकरी मोडत सांगायचे.

एकदा काकू आमच्यातल्या दिग्दर्शकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांच्या मरणाच्या दिवशी मी काही येणार न्हाई. बघवायचं न्हाई मला. पण हसवल्याबिगर सोडू नका त्यांना. लई जीव लागून राहिलाय माझा तेवढ्यासाठी."

किल्लेदारांना खोकला होता. विचारलं की म्हणायचे, "खाणीतली धूळ हाय." आम्हीही धूळच धरून चाललो. फुप्फुसाचं दुखणं जुनं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यांचं मरण आम्ही शेवटी ठेवलं होतं. बुरुजाखाली भाला लागून ते पडले, ठरल्याप्रमाणे खोकले, आणि खोकतच राहिले. माझ्या कानांवर हेडफोन होता. तो खोकला नाटकातला नव्हता, ओला होता. मी "थांबवा" म्हणून ओरडलो. दिग्दर्शकाने मागे न बघता हाताने मला गप्प केलं; त्याला वाटलं, काय अभिनय करतोय माणूस! आमच्या खोट्या रक्ताला साखरेच्या पाकाचा वास यायचा. जवळ गेलो तेव्हा त्यांच्या हनुवटीवरच्या रक्ताला तो नव्हता.

चिलखतासकट त्यांना गाडीत घालून नांदेडला नेलं. दवाखान्याच्या जिन्यावर काकू धापा टाकत भेटल्या. पहिला शब्द हाच, "हसले का?"

पुढे लातूरला डबिंग सुरू झालं. आमचा स्टुडिओ म्हणजे आडत बाजारामागचं एक जुनं गोदाम, भिंतींना पोती ठोकलेलं. शेजारची डाळमिल थांबली की आमचं काम सुरू. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना किल्लेदार आले. अंगावर सदरा नुसता लोंबत होता. थांबत, दम घेत सगळे संवाद बोलले. मग उठायचं सोडून खुर्चीतच बसून राहिले.

"माझं हसू राहिलंय," म्हणाले.

"मास्तर, राहू द्या आता," दिग्दर्शक म्हणाला.

"राहू कसं देऊ? ती रोज इचारून राहिली."

ते माइकसमोर हसले. खांदे हलले, डोळे भरले. माझ्यासमोरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ जवळपास सपाटच. "घेतलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घेतलं, सर." आयुष्यात इतकं काळजीपूर्वक मी काहीच ध्वनिमुद्रित केलेलं नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले.

तेरावा झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन अर्धापूरला गेलो. काकूंच्या पदरावरूनच हेडफोन बसवला. म्हटलं, "काकू, यात आवाज असा नाही हो..." त्यांनी हातानेच मला थांबवलं. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मध्येच त्यांचा चेहरा उजळला.

"हाव. हसले की! खुर्ची वाजून राहिली बघ, लेकरा."

संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. दाराजवळच्या किल्लेदारांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे उत्तर असणारच अशा भरवशाने त्यांनी विचारलं,

"हसले होते की मग. तरी बी का नेलं?"