सावलीतला ट्रे

आमच्या मायला, सिद्धम्माला, सुकलेलं काही बघवत नसे. पालमहून ती परभणीला आली ती माझ्या थोरल्या बहिणीला, उमाताईला, करून घालायला. उमाताई शेतीत संशोधन करत होती. ब्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या अंगणात ज्वारीच्या रोपांचे दोन ट्रे होते. एक ती रोज सकाळी उन्हात ठेवून कॉलेजला जायची, दुसरा सावलीतच. थोडी झळ लागली की रोपातलं एक प्रथिन जागं होतं, वाढ आवरतं आणि राखणदार प्रथिनं तयार करायला लावतं, असं ती सांगे. सावलीतल्या रोपांना हे राखणदार मिळणार नव्हते. भर उन्हात ती करपायलाच हवी होती.

त्या दुपारी तिनं दोन्ही ट्रे तापल्या पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी दोन्हींतली रोपं ताठ उभी. उमाताईचा चेहरा उतरला. वर्षभराचं काम खोटं ठरत होतं.

"सावलीतल्याला कुणी हात लावला?"

"पिवळी पडायलती बिचारी," माय म्हणाली. "सकाळी अंगणात उन्हाला लिंगपूजेला बसते, तवा जवळ घेऊन बसले रोज. तीर्थ बी शिंपडलं."

"रोज? उन्हात?" उमाताईला आता उलगडा झाला. काम खोटं नव्हतं. मायनंच त्या रोपांना झळ सोसायला शिकवलं होतं. पण तुलनेचा ट्रे वाया गेला होता.

"आता नवा लावते. त्याला हात लावायचा न्हाई."

"मग त्यो मरंल की."

"मरायलाच लावायलेय, माय."

नवा ट्रे आला तशी मायनं पूजा घरात मांडली, अंगणाकडं पाठ करून.