तिसऱ्या लेव्हलवरची चेटकीण

त्या उन्हाळ्यात मी चेटकीण होते. दुपारची जेवणं आटोपली की नात कूलर लावायची, पडदे ओढायची, आणि वाळ्याच्या ओल्या वासात आमचं चंद्रपूर हळूहळू विरून जायचं. सतरंजीवर चौघं असायचो: नात, बाजूच्या गल्लीतल्या बांगडीवाल्यांची मुलगी, नातीच्या वर्गातला एक उंच मुलगा, आणि गुडघे लांब करून मी. मधोमध वीस बाजूंचा फासा. नात गोष्ट सांगायची, आम्ही त्या गोष्टीतली माणसं. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगणार.

बांगडीवाल्यांची मुलगी तलवारवाली झाली, उंच मुलगा चोर. नात मला म्हणाली, "आजी, तू वैद्य हो. सगळ्यांच्या जखमा बऱ्या करशील."

"तेच करत आली आयुष्यभर. मले चेटकीण कर."

पहिल्या लेव्हलची चेटकीण म्हणजे अगदी काडेपेटीतली काडी. बोटावर उजेड करता येतो, तोही फुंकरीनं विझतो. राक्षस मारला की गुण, पुरेसे गुण झाले की वरची लेव्हल आणि नवा मंत्र, असं आधी होतं. मग काय, ही दोघं दिसेल त्याला मारत सुटली. एकदा तलवारवालीनं नावाड्याची बकरी कापली.

"अगं, तिनं तुझं काय केलं होतं?"

"आजी, बकरी के भी पॉईंट मिलते."

नातीनं त्याच दिवशी गुण बंद केले. म्हणाली, आता मोजायचं नाही. गोष्टीत खरंच काही घडलं, तुम्ही कुठून तरी कुठे पोचलात, की मीच सांगेन, चढा. दोघं कुरकुरली. मला मात्र ओळखीचं वाटलं. माझ्या सासरी हाच कायदा होता.

मी कोरपन्याकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन आले आरमोरीकडे, धानात. तेव्हाची ती बया, म्हणजे मीच, आठवली की मला अजून हसू येतं. नाकात नवी नथ, डोक्यात जुनी अक्कल. आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात तिला वाफ्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं दिसली, हिरवी, दाट, एकमेकांच्या अंगावर पडलेले. कापसाची रोपं अशी दाटली की विरळ करतात, एका जागी एकच ठेवतात. बयेला वाटलं, या लोकांना शेती येत नाही. आपण एका सकाळीत सगळ्या सुनांच्या पुढे जाऊ. वाकून वाकून तिनं अर्धे पऱ्हे उपटले, बांधावर फेकले, आणि पदरानं घाम पुसत शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

सासूबाई आल्या. बांधाकडे पाहिलं, बयेकडे पाहिलं.

"कापसाची होय माय ही. इले वाटलं आपण गर्दी करून ठेवली."

बांधावर हशा उसळला. सासूबाईंनी फेकलेली रोपं गोळा केली, मुठी बांधल्या, डबक्यात मुळं बुडवून ठेवली. "मरतीन ते मरतीन. उरतीन ते रोवू."

रोवण्याच्या वेळी, म्हणजे वाफ्यातली दाट रोपं उपटून बांधीत लावताना, बयेला बायकांच्या रांगेत शेवटची जागा मिळाली; पहिली सासूबाईंची. दरवर्षी जागा बदलायची, पण कुणी कधी काही बोललं नाही. रोवणारी बाई उलटी चालते, आपण रोवलेलं समोर दिसत राहतं, पाठीमागचं दिसत नाही. असंच एका वर्षी, ढोपरभर चिखलात, आभाळ पाण्यात उतरलेलं असताना, मी बाजूला पाहिलं तर तिथे सासूबाई होत्या. दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं. मी केव्हा चढले ते मलाच ठाऊक नाही.

म्हणून आम्ही अजून तिसऱ्याच लेव्हलवर आहोत याचं मला काही वाटत नव्हतं. नातीला वाटत होतं. तिच्या गोष्टीच्या शेवटी डोंगरात एक ड्रॅगन होता, आणि त्याच्याशी भिडायला दहावी लेव्हल हवी. शाळेत दहावीत असल्यापासून तिनं तो मनात पोसला होता. आता कॉलेजसाठी पुण्याला जायचं होतं, आणि जायच्या आधी तिला गोष्ट पुरी करायची होती. मला नव्हती करायची. गोष्ट संपली की ती जाणार, असं काहीतरी माझ्या डोक्यानं धरून ठेवलं होतं. म्हणून चेटकीण वाटेत प्रत्येकाला गाव विचारायची. गोष्टीतल्या नदीवर मी त्या नावाड्याशी कितीतरी दुपारी बोलत बसले.

शेवटी वैतागून नातीनं आम्हाला एकदम दहावी लेव्हल देऊन टाकली. चोराला सावलीत विरघळता येऊ लागलं, तलवारवालीला आगीतून चालता, मला वादळ बोलावता. ड्रॅगन समोर आला. खोलीत फक्त कूलरची घरघर आणि नियमांच्या वहीची पानं उलटण्याचा आवाज. कोणत्या मंत्राला फाशावर किती पडायला हवं, कुणालाच ठाऊक नाही. ड्रॅगन बिचारा ताटकळत उभा.

"अरे यार, इतना सब है, करूँ क्या?" तलवारवाली म्हणाली.

"मजा नाई येऊन राह्यली," उंच मुलगा हळूच म्हणाला. नातीनं मान खाली घातली.

दोघं गेल्यावर ती म्हणाली, "आजी, तू मुद्दाम वेळ काढून राह्यली ना?"

"नावाडी चांगला माणूस होता."

"आजी."

कूलरचा वाळा भिजला का ते पाहायला मी उठले.

शेवटच्या दुपारी तिची बॅग दाराशी उभी होती. लेव्हली तिनं काढून घेतल्या होत्या, आम्ही पुन्हा तिसरीवर. गोष्टीत साग, बांबू, डोंगर, आणि एक अरुंद गुहा.

"आत ड्रॅगन आहे," ती म्हणाली. "पण नुकताच अंड्यातून निघालेला. वासराएवढा. पंख ओले आहेत. आजी, तू गुहेच्या तोंडाशी उभी आहेस. तू हलली नाही तर त्याला बाहेर येता येत नाही."

"मारायचा काय?" उंच मुलानं विचारलं.

"पॉईंट तो बंद है," तलवारवाली म्हणाली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला त्याला गाव विचारता आलं असतं. पंख वाळेपर्यंत थांब, काही खाऊन जा, म्हणता आलं असतं. अख्खी दुपार माझ्याकडे होती. नातीनं फासा पुढे धरला होता.

"मी बाजूले होतो," मी म्हटलं.

"फासा टाक."

"याले फासा काऊन लागते?"

तिनं फासा खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं: तो बाहेर आला, त्याचा ओला पंख माझ्या लुगड्याला लागला, उतारावरून वेंधळ्यासारखा धावत सुटला, खाली सगळं हिरवं रान.

"उडा क्या?" तलवारवालीनं विचारलं.

"आधी पडला," नात म्हणाली. "मग उडाला."

 मग तिनं माझ्या चेटकिणीच्या कागदावरचा तीन खोडला आणि चार लिहिला.

"मले काय भेटलं?"

"आता तुला दूरचं ऐकू येईल."

"जवळचंच ऐकू येत नाई मले, पोरी," मी म्हटलं. "पण दे."