गोल ओरखडे

भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरून हात फिरवायचे, मग पाणी मागायचे. भिंत, दार, बाजारातला कोहळा, एकदा तर माझं नुकतंच टक्कल पडू लागलेलं डोकं. डोळे मिटून, तळहात सपाट ठेवून, हलकेच. "साळेभाऊ, डोळा फसते. हात नाही फसत," म्हणायचे, आणि कुणाला काहीच दिसत नसे तिथं बोट ठेवायचे. "इथं खड्डा आहे, पाहा." माझ्या डोक्यावर त्यांना दोन सापडले होते.

माझ्या मोठ्या बहिणीचे ते यजमान. उमेदीची वर्षं नागपूरला एका कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या करण्यात गेली. हाताची कातडी त्या रसायनानं कायमची खरखरीत झाली होती. निवृत्त होऊन आसगावला परतले. तिथं थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, त्यांच्यासोबत एकत्र घर, एकत्र शेती आणि एक चूल. मी पवनीला नोकरीला. रविवार आला की मोटरसायकल काढून आसगावला जायचो.

जायचो ते गाडीसाठी. साकोलीच्या एका डॉक्टरांच्या शेडात ती वीस-पंचवीस वर्षं पडून होती. दोनच सीटा, उघडा टप, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. अंग सगळं फायबरचं. शेडाचं छप्पर कोसळून तिची मागची बाजू फुटली होती. "न्यायची तं न्या जी, जागा मोकळी होईन," डॉक्टर म्हणाले आणि भाऊजींनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. दादाजी अंगणात उभे होते. म्हणाले, "बाप्पा! हे गाडी व्हय का बाथटब?" भाऊजी हसले नाहीत. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "लोखंड मरते, दादा. फायबर मरत नाही, निस्तं थकते."

काम करण्याची त्यांची एक रीत होती. बादली भरल्याशिवाय घासकागद हाती घ्यायचे नाहीत. कागद पाण्यात बुडवायचा, चार हात मारायचे, पुन्हा बुडवायचा. "पाण्याबिगर घासाचं नाही. हे काच आहे, साळेभाऊ. उडली का अंगात घुसते." माझा जीव कंटाळून जायचा. सकाळपासून दुपारपर्यंत वीतभर जागा गुळगुळीत व्हायची. आणि दुसरी रीत दादाजींनी घालून दिलेली. अंगणात धान वाळत असेल तेवढे दिवस गाडी ताडपत्रीखाली. तिला हात लावायचा नाही. भाऊजींनी ती एकदाही मोडली नव्हती.

मोडली ती मी. आठ वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरा-नवरी या गाडीतून जातील असं मी कचेरीत चार जणांना सांगून बसलो होतो. साकोलीचा रंगारी सोमवारी येणार होता आणि मागच्या मडगार्डवरचा शेवटचा थर घासायचा राहिला होता. रविवारी पोचलो तर भाऊजी पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला डोळे दाखवायला गेलेले. बाकी सगळे धानाच्या चुरण्याला, मळणीला, शेतात. अंगणभर धान पसरलेलं, घरचं वर्षभराचं खायचं. मी ओळखीच्याकडून विजेवर चालणारी घासायची मशीन आणली होती. तिला पाणी चालत नाही. ताडपत्री उचलली आणि लावली कोरडीच. अर्ध्या तासात मडगार्ड आरशासारखं झालं. पांढरी धूळ वाऱ्यावर गेली ती मी पाहिली. कुठं बसली तेही पाहिलं. गाडी झाकली, मशीन पिशवीत घातली आणि कुणी परतायच्या आत निघून आलो.

संध्याकाळी बायकांनी पायांनी धान फिरवलं, सुपात भरलं. दुसऱ्या दिवशी अख्खं घर खाजवत होतं. आधी वाटलं, रानातली खाजकोयली उडून आली. मग दादाजींनी ताडपत्री उचलली. मडगार्डवर आणि खाली धुळीचा थर होता.

बहिणीनं फोन केला म्हणून मी गेलो. अंगणात सगळे उभे. दादाजींनी विचारलं, "कोणं घासलं हे?" मी तोंड उघडणार होतो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी खाली पाहत होतो. भाऊजींनी मडगार्डवरून एकदा हात फिरवला, डोळे मिटून. मग म्हणाले, "मीच घासलो, दादा. जायच्या आधी. ध्यानात नाही रायलं."

गिरणीत फोलासोबत धूळही निघून जाईल, असं कुणी सुचवलं. दादाजी म्हणाले, "काच आहे म्हणते ना हा? मंग कोणाच्या ताटात वाढू?" सारं धान खड्ड्यात पुरलं. संक्रांतीच्या आत त्या घरात दुसरी चूल पेटली. भाऊजींनी गाडी बैल जुंपून तलावाच्या पाळीखालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, नेऊन ठेवली आणि पुन्हा घासकागद हाती धरला नाही. माझी मुलगी भाड्याच्या गाडीतून सासरी गेली.

लग्नानंतर एकदा आम्ही दोघंच पाळीवर बसलो होतो. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "हाताचा ओरखडा लंबा पडते, साळेभाऊ. मशीनचा गोल." मी म्हटलं, "मंग तुमी काहून घेतलं अंगावर?"

"तुमचं नाव निघालं असतं तं तुमच्या बहिणीले जलमभर आयकावं लागलं असतं. तुह्या भावानं खायच्या धानात काच टाकली म्हणून. माह्यं काय, मी घरचाच." आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. बोलणं संपलं.

ते मला सांगू शकले असते की जा, दादाजींना खरं सांग. सांगितलं नाही. मीही त्यांनी न सांगितल्याचा फायदा घेत राहिलो.

यंदा उन्हाळ्यात भाऊजी गेले. तेरवीची जेवणं आटोपल्यावर दादाजी पाळीवर एकटे बसले होते. त्यांच्याजवळ गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीन, धूळ, सगळं.

"मालूम आहे," ते म्हणाले. "तो पहिल्या गाडीनं गेला होता. म्याच त्याले फाट्यावर सोडून देल्लो. घासलं कवा त्यानं?"

"मंग तुमी चूल काहून वेगळी केली, दादाजी?"

"धानाचा राग चार दिवसांचा रायते. माहा भाऊ माह्याजवळ खोटं बोलला, तो राग नाही गेला." धोतराचा सोगा झटकून ते उठले. "वाटे, तुमी येसान, सांगसान. मंग त्याले म्हणीन, ये रे, जेवाले बस. आठ वर्सं तुमचीच वाट पाहून रायलो होतो, पाव्हणे."

ते घराकडे चालू लागले. मी बांधीत उतरलो. गाडीत गवत वाढलं होतं, एका सीटेत कुत्री व्यालेली होती. मागच्या मडगार्डवरचं शेवाळ बाजूला सारलं, डोळे मिटले आणि तळहात सपाट ठेवून हलकेच फिरवला.

तिथंच होते. गोल.