आढीच्या खोलीतलं बाळ

मे १९८४, दुसरा आठवडा. दुपारची जेवणं उरकून मी आढीतले आंबे निवडायला बसले होते. पेंढ्यात थराथराने रचलेला हापूस. पिकलेला वेगळा काढायचा, नासका टाकायचा. एक नासका राहिला की शेजारचे चार जातात.

आमची आढी माजघरामागच्या काळोख्या खोलीत असे. तिथे वारा येत नाही म्हणून आंबे तिथे, आणि वारा येत नाही म्हणूनच बाळंतीणही तिथेच. माझी दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली, पण ती पावसात आणि थंडीत. तेव्हा आढी नव्हती. मुलीचं पहिलं बाळंतपण नेमकं आंब्यांच्या दिवसांत आलं. एका भिंतीला बाज, समोरच्या भिंतीला आढी.

विहीणबाई संगमेश्वराकडून बारशाला आल्या आणि नातवासाठी राहिल्या. दार लावलेलं हवं, डोक्याला कुंची हवी, अंगाभोवती दुपटं घट्ट हवं, संध्याकाळी बाजेखाली शेगडी हवी. मी दार उघडलं की त्या लावत. मी कुंची सोडली की त्या बांधत. मुलीला सांगावं तर ती म्हणे, आई, तू बोलू नकोस, मला पुढे त्यांच्याच घरी राहायचंय. बाळाच्या मानेवर आणि काखेत घामोळं उठलं होतं. विहिणीचा मान म्हणून मी गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याचा मला रोज जास्त राग येत होता.

त्या दुपारी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगलंच गरम होतं. आंबा पिकायला लागला की आढी तापतेच. मागे बाजेवर बाळ आज रडत नव्हतं. उठले आणि तोच हात त्याच्या पाठीखाली घातला. तसंच गरम. आंबा पिकवायला जे जे करतो, ते सगळं आम्ही त्या पोराला करत होतो.

मुलीला विचारलं, नीट प्यायला का? सकाळपासून दोनदा तोंड लावून झोपला, म्हणाली. लंगोटही कोरडाच होता.

"शांत झालाय हो," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "ऊब मिळाली की मूल झोपतं. आमची चार अशीच वाढली."

"त्यातलं मे महिन्यातलं कुठलं?"

मी बाळाला उचलून पडवीत नेलं.

"वारं बाधलं तर कोण निस्तरणार?"

"मी," म्हटलं.

कुंची, दुपटं, अंगडं, सगळं काढलं. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसलं, मुलीला पाजायला बसवलं आणि शेजाऱ्यांना रिक्षा आणायला पाठवलं. रिक्षा येईपर्यंत पोरगा डोळे उघडून प्यायला लागला आणि थोड्या वेळाने आईची साडी भिजवली. ती रडायला लागली. मी तिला साडी बदलायला पाठवलं. तरी डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, सारखं पाजा, अंगावर एक पातळ कपडा पुरे, खोली मोकळी ठेवा.

हे सगळं मुलीने घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तोवर खोलीत बाज झाडून ठेवली होती आणि खाली शेगडी पेटली होती. मी शेगडी उचलून बाहेर नेली आणि तिच्यावर चहाचं आधण ठेवलं. मायलेकरांची अंथरुणं पडवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी बाज ओढत पडवीत आणली. बाजेच्या जागी पेंढा पसरला, बागेतून आलेले कच्चे आंबे त्यावर रचले, आणि खोलीला कुलूप घातलं. विहीणबाईंनी ओल्या केसांनीच विचारलं, कुलूप कशाला?

"आंब्यांना वारा लागू नये म्हणून," म्हटलं. किल्ली कमरेला खोचली आणि लंगोट धुवायला विहिरीवर गेले.