पाचपैकी पाच मार्कांचा अर्ज

सांगोल्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतली ती घटना अजून डोक्यातून जात नाही. मी सातवी पास. पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन रिटायर झालो, तेही कुणाच्या वशिल्याशिवाय. माझं मत पक्कं होतं, पोरांनी शाळेत पुस्तक बघावं, आंदोलनं करू नयेत.

मुख्याध्यापकांचा ठाण्यात फोन आला. आठवीच्या मुली वर्गात न जाता व्हरांड्यात बसल्यात. मुलींचं स्वच्छतागृह कायम कुलपात असतं, असा त्यांच्या नावाचा अर्ज कलेक्टर ऑफिसला गेलाय. "बाहेरचा कोणीतरी भडकावतोय, जमादार. ही भाषा आमच्या पोरींची नव्हे."

मला ते पटलं. महिला शिपाई सोबत घेऊन दोन दिवस जबाब घेतले. एका तरुण शिक्षकावर संशय धरला, त्याच्या हस्ताक्षराचा नमुना घेतला. कलेक्टर ऑफिसातून चौकशीला आलेल्या अर्जाशी जुळला नाही. मुलींची अक्षरं तपासायचं मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी बापाला घेऊन आली. बाप मेंढरं राखणारा. मुख्याध्यापकांनी त्याला दम दिला होता, भडकावणाऱ्याचं नाव सांगा, नाहीतर पोरीचा दाखला घेऊन जा. दुसरी शाळा लांब. तो म्हणाला, "दाखला दिला की मेंढरामागं जाईल सायेब, दुसरं काय?"

पोरगी म्हणाली, "अर्ज मीच लिवलाय. कुणी न्हाय सांगितलं."

"एवढा झकास? मला खुळा समजतीस व्हय?"

"परीक्षेत आलतं की, तक्रारीचा अर्ज लिहा म्हणून. पाचपैकी पाच पडलं. मग तसाच उतरवून धाडला."

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला. मजकूर शब्दाला शब्द तोच. खाली लाल शाईत 'मुद्देसूद. छान.' आणि सही मुख्याध्यापकांची. मराठी तेच शिकवायचे. पेपर पुढं ठेवला तर म्हणाले, "अहो, ते मार्कांपुरतं असतं."

मग मी ते कुलूप बघायला गेलो, पहिल्यांदाच. आत फरशी कोरी करकरीत, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखलेली. महिला शिपाई म्हणाली, "पोरी दुपारची खिचडी खाऊन पाणी पीत न्हाईत, साहेब. मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुमी विचारलंच न्हाय."

कुलूप माझ्यासमोर कायमचं निघालं. दाखल्याची भाषाही बंद झाली. अहवालात लिहिलं, 'बाहेरची व्यक्ती निष्पन्न झाली नाही. अर्जातील मजकूर खरा आहे.'

पोरांनी वर्ग सोडून बसू नये, हे माझं मत आजही आहे. ते कुणाच्या सांगण्यानं बदलणार नाही. पण त्यानंतर ठाण्यात अर्ज आला, की तो कुणी लिहिलाय हे मी नंतर बघायचो. आधी अर्जात लिहिलेल्या जागी जाऊन यायचो.