दोराने बांधलेली आगगाडी

सुरूवाडीच्या शाळेचा फायनलचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा, आणि भिकाजी तुळसकर मास्तरांची मान त्यामुळे बारा महिने ताठ असायची. तेव्हा सातवीची फायनल म्हणजे काय चीज होती! पास झाला तो मास्तर, तलाठी, निदान पोस्टमन तरी झालाच म्हणून समजा. नापास झाला की मुलगा होडीवर आणि मुलगी बोहल्यावर. तेव्हा आईबापांनी मास्तरांना देवासारखं धरलं तर नवल कसलं? मालवणच्या त्या किनाऱ्यावर मास्तरांच्या घरी बांगडा कधी विकत आला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

मास्तर वाईट नव्हते हो. पोरांवर जीव होता त्यांचा. थंडीत पहाटे पोरांना अंगणात बसवून घोकून घेत, आणि यशोदाबाई, त्यांच्या पत्नी, सगळ्यांना पेज वाढत. पण शिकवणं म्हणजे पेपर सोडवून घेणं, याच्या पलीकडे त्यांची अक्कल कधी गेली नाही. सनावळ्या पाठ, नद्या पाठ, गणितांची उत्तरंसुद्धा पाठ. आणि निबंध? निबंध तर सगळ्या वर्गाचा एकच.

त्याचं असं होतं, की पेपर काढणारे सगळे पुण्याकडचे. त्यांना निबंध म्हटला की रेल्वे स्टेशन आठवायचं. आता आमच्या मुलखात रेल्वे आहे कुठे? मुंबईला जायचं ते आगबोटीने, नाहीतर एस.टी.ने घाट चढून. मास्तर स्वतः सावंतवाडीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण हटतील ते मास्तर कसले! ते एक दिवस मालवणच्या धक्क्यावर जाऊन बसले, बोटीच्या उतारूंची धांदल डोळे भरून पाहिली, आणि घरी येऊन ‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’ झोकात लिहून काढला. बोटीच्या जागी गाडी घातली, धक्क्याच्या जागी फलाट आणि खलाशांच्या जागी हमाल. दोर मात्र तसाच राहिला.

‘इतक्यात दूरवर धुराचा लोट दिसला. धडधडत गाडी फलाटाला लागली. हमालांनी चपळाईने दोर टाकून ती खांबाला घट्ट बांधली.’ आणि शेवटी, ‘स्टेशनमास्तरांनी दोर सोडण्याचा हुकूम दिला आणि गाडी डौलाने मार्गस्थ झाली.’ एवढं लोखंडाचं धूड उतारू चढेपर्यंत बांधल्याशिवाय उभं ठेवतील कसं, असा मास्तरांचा सरळ हिशेब होता. कितीतरी वर्षं सुरूवाडीची पोरं ही बांधलेली गाडी पेपरात सोडत आली, आणि तपासणारे भरभरून मार्क देत आले.

छप्पन साली वर्गात धोंडूची विमला होती. धोंडू पडावावर, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, काम करायचा. पोर मोठी चौकस. निबंध घोकता घोकता मध्येच उठून उभी राहिली.

“मास्तर, गाडी बांधतत कित्याक? ती काय पाण्यात आसा, व्हावान जावक?”

वर्ग खदखदला. मास्तर चिडले. “गो विमले, तुझ्या ह्या प्रश्नाक पेपरात मार्क आसत? नाय मां? मगे गप बस. पेपरात इचार करूचो नसता, लिवचा असता!”

विमला बसली. धोंडूने तिला आधीच बजावलं होतं, पास झालीस तर मास्तरकी कर, नाहीतर मिरगाआधी लग्न. वेतोऱ्याचं स्थळ ठरल्यात जमा होतं, आणि नवरामुलगा तिच्या दुप्पट वयाचा होता. मास्तरांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी तिच्याकडून तो निबंध इतरांपेक्षा जास्त वेळा म्हणून घेतला.

परीक्षा झाली. पेपरात रेल्वे स्टेशन आलं. मास्तर खूश! पण निकालाच्या दिवशी सगळ्या तालुक्याचा निकाल लागला आणि सुरूवाडीपुढे लिहून आलं, ‘राखून ठेवला’. मास्तरांना चौकशीचं बोलावणं आलं. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. यशोदाबाईंनी रवळनाथाला नारळ बोलला.

झालं होतं ते असं. तालुक्याला नवे दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, मिरजेहून आले होते. मिरज म्हणजे आगगाड्यांचं माहेर, त्यात साहेबांचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलेलं. सहज म्हणून त्यांनी एक पेपर उघडला, तर गाडी खांबाला बांधलेली! दुसरा उघडला, तिथेही तोच दोर. सुरूवाडीचा एकूण एक पेपर तसाच.

मास्तर धुतलेला कोट घालून कचेरीत उभे राहिले. साहेब माणूस तसा भला.

“मास्तर, पोरांनी ही नक्कल केली आहे. नाहीतर इतक्या जणांना एकाच वेळी अशी चूक सुचेल कशी? तुमचं नाव मोठं आहे. कुठल्या तरी गाईडातून चोरलं, एवढं लिहून द्या. पोरं एक वर्ष बसतील घरी, तुमच्यावर काही येणार नाही.”

किती सोपं होतं! एक सही केली की नाव शाबूत. मास्तरांनी टाकाकडे पाहिलं, आणि त्यांना वेतोऱ्याचा तो नवरामुलगा आठवला. वर्षभराने विमला परीक्षेला बसणार नव्हती, पोरगं मांडीवर घेऊन बसणार होती.

“साहेब, नक्कल नाही,” ते म्हणाले. “निबंध माझा आहे. मी पाठ करून घेतला.”

“तुमचा? अहो, मग हा दोर?”

“रेल्वे मी पाहिलेली नाही, साहेब.”

साहेबांचा विश्वास बसेना. मास्तरांनी तिथल्या तिथे हात बांधून सगळा निबंध म्हणून दाखवला, पहिल्या धुरापासून शेवटच्या दोरापर्यंत. शिपाई दाराआडून फिदीफिदी हसत होता. साहेबही हसले, पण एकदम थांबले.

“आणि आजवर याला मार्क देत कोण होतं?”

“तपासणारेही इकडचेच, साहेब,” मास्तर खाली मान घालून म्हणाले.

साहेबांनी डोक्याला हात लावला. अखेर नक्कल नाही म्हणून पोरांचा निकाल सुटला. मास्तरांच्या नावावर मात्र शेरा बसला, आणि ‘दोरमास्तर’ हे नाव त्यांच्या आधी गावात पोचलं. ते जन्मभर चिकटलं. कुणी तोंडावर म्हणालं तरी मास्तर रागावत नसत. पोरं पास झाली ना, मग म्हणेनात का.

हे सगळं त्यांनी सहन केलं. सहन झालं नाही ते वेगळंच.

त्या दिवशी कचेरीतून परतताना ते धक्क्यावर आले, तर धोंडूच्या पडावापाशी विमला वाट बघत उभी होती.

“पास झालंस गो चेडवा,” मास्तर म्हणाले. तिने वाकून पाय धरले. मास्तरांना भरून आलं. पोरीपाशी खोटं कशाला बोलायचं म्हणून ते म्हणाले, “तुझा बरोबर होता. गाडयेक दोर नसता. माका म्हायत नव्हता.”

“माका म्हायत होता,” विमला म्हणाली.

“तुका? कसा?”

“सत्यवानकाका शिमग्याक इल्लो, त्येका इचारलंय. तो बोरीबंदराक हमाल आसा. पोट धरून हसलो. म्हणालो, गाडी रुळार उभी रवता, तिका कोण बांधता!”

“मगे पेपरात दोर लिवलंस कित्याक?”

“खरा लिवन नापास झालंय तर? तुमीच सांगलास मां, पेपरात इचार करूचो नसता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. धडा म्हणून दाखवावा तशी ती बोलली. मग विचारू नये ते मास्तरांनी विचारलं.

“आता तू मास्तरीण होतलंस. तुझ्या पोरांका काय शिकवतलंस? गाडी दोरासकट?”

विमलाने क्षणभर विचार केला.

“तपासणारो खंयचो आसा, ता बघूचा लागतला.”

तपासणारा कुठला ते बघून ठरवायचं, यात ती थट्टा करत नव्हती. मास्तरांना तेव्हा जी लाज वाटली, ती साहेबापुढेसुद्धा वाटली नव्हती.