टाकीमागचा खिळा

ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंतचं पावसाचं पाणी कोणाला वचकून असेल, तर ते माझ्या सासऱ्यांना. पत्रा जिथे भिंतीला टेकतो तिथला सांधा झाकायला जस्ताची पट्टी बसवतात. ती पट्टी हा त्यांच्या श्रद्धेचा विषय. मानपाड्याच्या कारखान्यात जन्मभर पत्रेकाम केलेला हा माणूस लग्नाला गेला तरी आधी मांडवाचं छप्पर बघणार, मग नवरा-नवरीकडे. गल्लीत कोणाचंही घर गळलं की यांना बोलावणं. स्वतःच्या घरी पट्टी ठोकून झाली की ते वरून तांब्याने पाणी ओतत आणि खाली सासूबाई ताट धरून उभ्या.

"आलं का?"

"नाही आलं. पोळी करपतेय माझी."

आणि मग त्यांचंच घर गळायला लागलं. दर वर्षी ते सगळे सांधे उचकटून नव्याने बसवत. दर पावसाळ्यात ताटात टपटप ठरलेली. शेवटी त्यांनी गल्लीतली कामं सोडली. "ज्याचं स्वतःचं घर गळतं, त्याने दुसऱ्याच्या पत्र्याला हात लावू नये," एवढंच म्हणाले.

आता सांगून टाकतो. दिवाळसणाला जावयाने काडीसुद्धा उचलायची नसते. मला मात्र कौतुक करून घ्यायची हौस. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी आकाशकंदील टांगायला वर चढलो आणि पाण्याच्या टाकीमागे खिळा ठोकला, थेट पत्र्यातून. दिवाळी संपल्यावर तो उपटला आणि भोक मेणबत्तीच्या मेणाने बुजवलं. मी बँकेत असलो तरी उन्हात मेण वितळतं एवढं मला कळतं. तरी सात वर्षं गप्प बसलो. टाकीमागे सांधाच नव्हता, म्हणून ते तिथे कधी बघायचे नाहीत. संशय घ्यायचे तो आपल्याच हातावर.

या मे महिन्यात त्यांची हत्यारांची पेटी भंगारवाल्यासाठी दारात काढलेली दिसली, तेव्हा मात्र मला राहवेना. सगळं सांगितलं.

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. "केवढा खिळा?"

"दोन इंची."

"आणि बुजवलंत कशाने?"

"मेणाने."

"मेणाने," ते स्वतःशीच म्हणाले. मग आत वळून, "अगं, ऐकलंस का? सांधा बरोबर होता माझा."

पेटी घरात गेली. पण गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. त्यांनी खालून सांगितलं तशी त्या भोकावर पट्टी मीच ठोकली, तांब्याही मीच ओतला. ताट धरून या वेळी ते उभे.

"आलं का, बाबा?"

उतरून पाहिलं, तर कोरडं ताट दोन्ही हातांत धरून ते अजून वरच बघत होते.